आभायमा काय दिसनं, आबा?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. ऑफिसं अजून नीट उघडली नव्हती, त्यामुळे पुण्यातली भाड्याची खोली सोडून मी पिंपळनेरला घरूनच काम करत होतो. संध्याकाळी आईने गुढी उतरवली, साखरेचं हार-कडं पुतणीने पळवलं आणि पुरणपोळी अंगावर आल्यामुळे आम्ही सगळे गच्चीवर जाऊन लोळत पडलो. पावणेआठच्या सुमाराला पुतणी किंचाळली.

उत्तरेकडे आकाशात जळत्या रेघा दिसत होत्या. एक नाही, चार-पाच. एकामागे एक, सारख्या वेगाने, नारिंगी शेपट्या ओढत त्या पूर्वेकडे निघाल्या होत्या. आवाज अजिबात नाही. मी उल्का पाहिल्या आहेत. उल्का बोट दाखवेपर्यंत संपते. हे संपतच नव्हतं. शेजारच्या गच्चीवरून शिट्ट्या सुरू झाल्या, खाली गल्लीत कुणीतरी ‘भो, दखा, दखा!’ म्हणून ओरडत होतं, आणि मी खिशातून मोबाइल काढून कॅमेरा उघडेपर्यंत शेवटची ठिणगी विझलीसुद्धा.

“इमान पडी ऱ्हायनं रे,” आबा म्हणाले. “आग लागेल शे त्याले.”

आबा म्हणजे माझे आजोबा. जवळच्याच एका गावचे ते बरीच वर्षं पोलीस पाटील होते. शहरात वाढलेल्यांना हे पद नुसतं मानाचं वाटतं, पण १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमात त्याला नेमकं काम दिलेलं आहे, आणि त्या कामाचा गाभा म्हणजे कळवणं. नदीला प्रेत लागलं, कळवा. जंगलात वणवा लागला, कळवा. अनोळखी माणसं मुक्कामाला आली, कळवा. खरं-खोटं ठरवणं हे वरच्यांचं काम. पाटलाने दिसलं ते दिसलं तसं, वेळ आणि ठिकाण घालून सांगायचं. आबांची ती सवय गेलेली नाही. त्यांनी खाली जाऊन फोन लावला. कुठे लावला ते सांगत नाही. “विमान पडलेलं असू शकतं, पूर्वेकडे,” एवढंच ते म्हणाले. पलीकडून आलेला हशा मला दोन हातांवरून ऐकू आला. “बाबा, पाडव्याची जास्त झाली का?”

आबांनी फोन ठेवला. “मी काय दारू पियेल शे का?” असं आईला विचारलं आणि झोपायला गेले. रात्रभर व्हॉट्सअॅपवर उल्का, चीनचं क्षेपणास्त्र आणि परग्रहावरचं यान या तिन्हींचे फॉरवर्ड फिरत राहिले.

आमच्यापासून साधारण पावणेसहाशे किलोमीटर पूर्वेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी नावाचं गाव आहे. त्या रात्री तिथे गावजेवणाची तयारी चालली होती. आकाश लाल झालं आणि सुमारे तीन मीटर व्यासाचं एक धातूचं कडं धाडकन मोकळ्या जागेत येऊन पडलं. शेजारी घरं होती. थोडं इकडे-तिकडे झालं असतं तर हा लेख वेगळा झाला असता. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं गेलं, मग इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले.

दरम्यान जगभरचे उपग्रह आणि रॉकेटचे तुकडे यांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनी त्याच रात्री अंदाज सांगितला होता: फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या ‘चँग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा, अनुक्रमांक वाय-७७. वर्षभराहून जास्त काळ तो पृथ्वीभोवती फिरत होता आणि नेमका आमच्या पाडव्याला खाली आला. गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, सगळीकडे लोकांनी पाहिला. म्हणजे आबांचं ‘इमान’ चुकलं होतं. पण ‘माणसाने बनवलेलं काहीतरी, पेट घेतलेलं, पूर्वेकडे पडलेलं’ एवढं सगळं बरोबर होतं. व्हॉट्सअॅपपेक्षा कितीतरी बरोबर.

तेव्हापासून मला एक खोड लागली. सामान्य माणूस ‘आकाशात काहीतरी दिसलं’ म्हणतो तेव्हा ते कोण ऐकतं, कोण लिहून घेतं आणि त्या कागदाचं पुढे काय होतं, ते शोधत बसायची. एलियन आहेत की नाहीत यात मला फारसा रस नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे. लोक तक्रार करतात, आम्ही तिचं ‘टिकट’ बनवतो, आणि मग ते टिकट कसं बंद करता येईल हे बघतो. त्यामुळे अमेरिकन हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ची कहाणी वाचताना मला ती फारच ओळखीची वाटली.

सुरुवात १९४७ ची. २४ जूनला केनेथ अर्नोल्ड नावाच्या, स्वतःचं छोटं विमान उडवणाऱ्या व्यावसायिकाने वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर बशी फेकली तर जशी टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असं त्याने चालीचं वर्णन केलं. पत्रकारांनी बशी उचलली आणि ‘उडत्या तबकड्या’ जन्माला आल्या. महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती, रशियाशी शीतयुद्ध सुरू होत होतं, जर्मन शास्त्रज्ञ दोन्ही बाजूंनी वाटून घेतले होते. त्यामुळे हवाई दलासमोरचा प्रश्न मंगळाचा नव्हताच, तो मॉस्कोचा होता. १९४८ मध्ये ‘प्रोजेक्ट साइन’, १९४९ मध्ये ‘ग्रज’ आणि १९५२ मध्ये ‘ब्लू बुक’ अशी खाती निघाली. १९६९ मध्ये दुकान बंद केलं तेव्हा एकूण नोंदी होत्या १२,६१८. त्यातल्या ७०१ ‘अनोळखी’ म्हणून राहिल्या.

ब्लू बुकचा पहिला प्रमुख कॅप्टन एडवर्ड रपेल्ट. हा माणूस मला आवडतो. त्याने ‘उडती तबकडी’ हा शब्द सोडून ‘यूएफओ’, म्हणजे न ओळखता आलेली उडती वस्तू, हा शब्द रूढ केला. शब्दातच उत्तर भरून ठेवायचं नाही, हा त्यामागचा विचार. त्याने सगळ्यांसाठी एकसारखी प्रश्नावली करवून घेतली: कुठे उभे होता, किती वाजले होते, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती वर, किती वेळ. आणि तीन हजारांवर नोंदी पंच कार्डांवर चढवून बॅटेल या संशोधन संस्थेकडून त्यांची आकडेमोड करून घेतली. १९५० च्या दशकात! निष्कर्ष १९५५ मध्ये छापला गेला आणि त्यात एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, ज्या नोंदी ढिसाळ त्याच न उलगडलेल्या राहत असतील. झालं उलटं. ज्या नोंदी उत्तम दर्जाच्या ठरवल्या होत्या त्यांच्यात ‘अनोळखी’चं प्रमाण निकृष्ट नोंदींच्या जवळजवळ दुप्पट होतं. हवाई दलाने मात्र अहवाल छापताना एकूण सूर ‘काळजीचं कारण नाही’ असाच लावला.

कारण तोवर हवा बदलली होती. जुलै १९५२ हा महिना नीट बघण्यासारखा आहे. १४ जुलैला अमेरिकेत ‘ऑपरेशन स्कायवॉच’ सुरू झालं. रडारच्या जाळ्यात भोकं होती, रशियन बॉम्बर खालून घुसले तर कळणार नाही, म्हणून शिक्षक, शेतकरी, गृहिणी, शाळकरी पोरं असे स्वयंसेवक छपरांवर बसून चोवीस तास आकाश बघणार आणि विमान दिसलं की फोन करणार. म्हणजे सरकार जनतेला सांगत होतं, वर बघा आणि कळवा. आणि त्याच महिन्याच्या दोन शनिवार-रविवारी थेट राजधानी वॉशिंग्टनच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले, वैमानिकांना दिवे दिसले, लढाऊ विमानं उडवली गेली. देशभरातून फोनचा पाऊस पडला. २९ जुलैला मेजर जनरल जॉन सॅमफोर्ड यांना पत्रकार परिषद घ्यावी लागली. महायुद्धानंतरची ती हवाई दलाची सर्वांत मोठी. तापमानाच्या उलट्या थरांमुळे रडारला असे भास होऊ शकतात, असं त्यांनी सांगितलं.

सीआयएला वेगळीच धास्ती वाटली. उद्या रशियाने खरोखर हल्ला केला आणि त्याच वेळी तबकड्यांच्या फोनांनी लाइनी तुंबलेल्या असल्या तर? आमच्या भाषेत याला सर्व्हरवर खोट्या रिक्वेस्टचा मारा म्हणतात. जानेवारी १९५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. मोजके दिवस बैठका झाल्या आणि शिफारस आली: या वस्तूंपासून देशाला थेट धोका दिसत नाही, धोका आहे तो तक्रारींच्या पुरापासून. म्हणून लोकांचा रस कमी करा. त्यासाठी प्रसारमाध्यमं वापरा; वॉल्ट डिस्नेचं नावही चर्चेत होतं. हौशी यूएफओ मंडळांवर लक्ष ठेवा. त्याच वर्षी हवाई दलाचा नियम आला की ज्या प्रकरणांचं उत्तर सापडलं आहे त्यांचीच माहिती जनतेला द्यायची.

इथे ब्लू बुकचं तपासखातं संपलं आणि कस्टमर केअर सुरू झालं, असं माझं मत आहे. ज्या टीमचं यश ‘किती टिकटं बंद केली’ यावर मोजतात, ती टीम टिकटं बंद करण्यात पटाईत होते. शुक्र. फुगा. उल्का. माहिती अपुरी. बंद.

फुगा हे उत्तर पुष्कळदा खरंही होतं, एवढंच की ते सांगता येत नव्हतं. ७ जानेवारी १९४८ ला केंटकीमध्ये एक मोठी चकाकती वस्तू दिसल्याच्या खबरी आल्या. कॅप्टन थॉमस मँटेल आपलं विमान घेऊन तिच्या मागे वर वर गेला. विमानात ऑक्सिजन नव्हता, शुद्ध हरपली आणि विमान कोसळलं. तो बहुधा ‘स्कायहूक’ या नौदलाच्या गुप्त प्रकल्पाचा प्रचंड फुगा होता, असं आता मानलं जातं. गुप्त असल्यामुळे मँटेलला त्याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. पुढे १९५५ पासून यू-२ हेरविमानं साठ हजार फुटांवर उडू लागली. खाली अंधार पडलेला, वर विमानाच्या चंदेरी पोटावर अजून ऊन. प्रवासी विमानांचे वैमानिक आणि जमिनीवरची माणसं प्रामाणिकपणे कळवायची: एवढ्या उंचीवर काहीतरी पेटल्यासारखं दिसतंय. ब्लू बुकचे लोक आतून यू-२ च्या वेळापत्रकाशी ताडून बघायचे, त्यांना उत्तर मिळायचं, आणि पत्र पाठवणाऱ्याला मात्र ‘नैसर्गिक प्रकार’ असं कळवलं जायचं. हे सगळं १९९७ मध्ये जेराल्ड हेन्स या सरकारी इतिहासकाराने सीआयएच्याच नियतकालिकात लिहिलं. त्या काळातल्या निम्म्याहून जास्त नोंदी या गुप्त विमानांच्या होत्या, असा त्याचा दावा आहे. हा आकडा काही अभ्यासकांना पटत नाही, मलाही जरा फुगवलेला वाटतो. पण पत्र लिहिणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याने बरोबर पाहिलं होतं. समोरच्याला ते माहीत होतं. आणि तरी त्याला वेड्यात काढलं गेलं.

ब्लू बुकचे खगोल सल्लागार जे. अॅलन हायनेक हे अशी उत्तरं देण्यात वर्षानुवर्षं पुढे होते. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये बऱ्याच लोकांना दिवे दिसले, तेव्हा ‘दलदलीतला वायू असावा’ असं ते पत्रकारांसमोर बोलून बसले. लोक भडकले. तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी चौकशीची मागणी केली. त्यातून कोलोराडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांची समिती बसली. तिने पुढे अभ्यास करण्यात विज्ञानाचा काही फायदा नाही असं सांगितलं, आणि डिसेंबर १९६९ मध्ये ब्लू बुकला कुलूप लागलं. हायनेक मात्र फिरले. साक्षीदारांचं नीट ऐकून घेतलं गेलं नाही, असं ते उरलेलं आयुष्य सांगत राहिले. ‘क्लोज एन्काउंटर’ हा शब्द त्यांचाच. स्टीव्हन स्पीलबर्गने त्यावरून १९७७ चा प्रसिद्ध सिनेमा काढला आणि त्यात हायनेक क्षणभर दिसतातसुद्धा.

त्या सिनेमात उत्तर भारतातलं एक दृश्य आहे: शेकडो गावकरी बसलेले, आवाज कुठून आला असं विचारल्यावर सगळ्यांची बोटं एकदम आकाशाकडे जातात. ते धरमशालेचं म्हणून दाखवलं असलं तरी चित्रीकरण झालं आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात, रायगड जिल्ह्यात. जगातल्या सर्वांत गाजलेल्या यूएफओ सिनेमात आकाशाकडे बोट दाखवणारी माणसं आपल्या महाराष्ट्रातली आहेत. मी तो प्रसंग आबांना यूट्यूबवर दाखवला. “यास्नं तरी कोनी ऐकनं,” ते म्हणाले.

आपल्याकडे ब्लू बुकसारखं जाहीर खातं नाही. पण प्रकरणं आहेत, आणि सर्वांत बोलकं प्रकरण लडाखचं. २०१२ च्या ऑगस्टपासून पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग भागातले जवान कळवू लागले की चीनच्या बाजूने पिवळसर गोळे क्षितिजावर चढतात, तासन् तास आकाशात सरकतात आणि नाहीसे होतात. सैन्याला वाटलं, चिनी ड्रोन. आणि वाटणं साहजिक होतं. त्या सीमेवर प्रत्येक हालचाल मोजली जाते. हलवता येणारं रडार नेलं, रेडिओलहरी मोजणारं यंत्र नेलं. रडारवर काहीच येईना. फेब्रुवारी २०१३ पर्यंत ३२९ नोंदी झाल्या होत्या आणि त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आत आली असं लिहिलेलं होतं.

शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं गेलं. या संस्थेची दुर्बीण लडाखमध्येच हान्लेला आहे. तुषार प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवानांकडून वस्तूची वेळ, दिशा आणि उंचीचा कोन यांच्या नोंदी घेतल्या. दोन वस्तू होत्या. एक संध्याकाळी दिसायची, ती गुरू. दुसरी पहाटे उगवून पार सकाळपर्यंत दिसत राहायची, तो शुक्र. चौदा हजार फुटांवरची हवा इतकी विरळ आणि स्वच्छ असते की उजाडल्यावरही शुक्र नजरेत राहतो. पृथ्वी फिरते तसे ग्रह आकाशात सरकतात, म्हणून ‘ताबारेषा ओलांडली’.

२०१३ मध्ये ही बातमी आली तेव्हा लोक हसले. मला हसू येत नाही. हिवाळ्यात, त्या उंचीवर, समोर दुसऱ्या देशाचं सैन्य असताना दिव्याकडे बघत बसणारा जवान ३२९ वेळा लिहितो. काय आहे हे माहीत नसताना, दिसलं तसं लिहितो. त्यातून उत्तर निघालं ते त्याच्याच नोंदींमध्ये वेळ आणि कोन यांची भर पडल्यावर. रपेल्टची प्रश्नावली साठ वर्षांनी पँगाँगवर उपयोगी पडली, असं म्हटलं तरी चालेल.

दुसरं प्रकरण ताजं आहे. १९ नोव्हेंबर २०२३, रविवार. मणिपूर मे महिन्यापासून पेटलेलं होतं. दुपारी अडीचच्या सुमाराला इंफाळ विमानतळाजवळ काहीतरी उडताना दिसलं. विमानं दुसरीकडे वळवली, काही अडकून पडली, विमानतळ काही तास बंद राहिला. हवाई दलाच्या पूर्व विभागाने नंतर जाहीरपणे सांगितलं की विमानतळावरून डोळ्यांनी पाहिल्याच्या माहितीवरून हवाई संरक्षणाची यंत्रणा कार्यान्वित केली. ती छोटी वस्तू त्यानंतर दिसली नाही. हाशिमारा तळावरून राफाल विमानं शोधायला गेल्याचं बातम्यांत आलं. हातात काही लागलं नाही.

माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून राफाल उडालं. हे वाचताना मला आमच्या घरातला तो फोन आठवला, हे कबूल करतो. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमधल्या माणसाचं बघणं आणि गच्चीवरच्या म्हाताऱ्याचं बघणं सारखं धरता येणार नाही, तेही कळतं. दर पाडव्याला दर म्हाताऱ्यासाठी राफाल उडवलं तर देशाचं दिवाळं निघेल. रॉबर्टसन समितीची धास्ती खोटी नव्हती. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, नगर, पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून केवढी घबराट झाली होती, लोक काठ्या घेऊन जागत होते. अशा वेळी प्रत्येक लुकलुकता दिवा ड्रोन होतो.

आमच्या भागात तर आकाश मुळातच गजबजलेलं आहे. शंभरेक किलोमीटरवर ओझरला एचएएलचा कारखाना. तिथे आधी मिग बनली, मग सुखोई. कधी भरदुपारी आकाश फाटल्यासारखा आवाज येतो, खिडक्या थरथरतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतं, सुखोई होतं. उत्तरेला ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्या नवीन आल्या तेव्हा रात्री त्यांचे लाल दिवे बघून लहानपणी मी घाबरलो होतो. अलीकडे स्टारलिंकच्या उपग्रहांची माळ दिसते. आगगाडीच्या डब्यांसारखे ठिपके सरळ रेषेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला घाम फुटावा असंच ते दृश्य आहे. १५ डिसेंबर २०२२ ला बंगाल-ओडिशात लोकांना संध्याकाळच्या आकाशात विचित्र झोत दिसला, तो अग्नी-५ क्षेपणास्त्राच्या चाचणीचा होता.

पण ऐकून घेण्याची एक चांगली रीत आपल्याकडेच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे. तिथून हिवाळा-उन्हाळ्यात प्रचंड मोठे प्लॅस्टिकचे फुगे तीस ते चाळीस किलोमीटर उंच सोडतात, खाली शास्त्रीय उपकरणं लटकवलेली. काम झालं की उपकरणं रंगीत छत्रीने खाली येतात, आणि ती कुठे उतरतील ते वारा ठरवतो: तेलंगण, कर्नाटक, आपला सोलापूरकडचा भाग. एखाद्या शेतकऱ्याच्या तुरीत आकाशातून पेटी उतरते. म्हणून संस्था आधीच जिल्ह्याजिल्ह्यांना कळवते, आणि पेटीवरच सूचना असते: यात धोका नाही, हात लावू नका, आम्हाला कळवा, कळवणाऱ्याला बक्षीस आणि खर्च मिळेल. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ आणि २००५ मध्ये याच केंद्रातून फुगे सोडून एक्केचाळीस किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली होती, वरून काही सूक्ष्मजीव पृथ्वीवर येतात का ते बघायला. दुसऱ्या खेपेत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्यातल्या एकीला इस्रोचं नाव मिळालं, एकीला आर्यभटाचं आणि एकीला फ्रेड हॉईलचं. त्या पृथ्वीबाहेरच्याच, असं काही सिद्ध झालं नाही. पण परग्रहावरच्या जीवाचा खराखुरा शोध ज्या फुग्यांनी घेतला, तसलेच फुगे खाली उतरले की लोक त्यांना परग्रहाचं यान समजतात. ७ डिसेंबर २०२२ ला विकाराबादच्या शेतात अशीच एक अंडाकृती भलीमोठी कुपी उतरली तेव्हा बघायला जत्रा लोटली होती. ती एका स्पॅनिश कंपनीची, टाटा संस्थेने फुग्याने सोडलेली.

चिनी रॉकेटवर अशी चिठ्ठी नसते. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेलं आहे की असा तुकडा ज्या देशात सापडेल त्याने तो सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं. १९७२ चा करार नुकसानभरपाईचा. १९७८ मध्ये रशियाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलरचं बिल पाठवलं आणि तीस लाख वसूल केले. त्याच्या पुढच्या वर्षी, जुलै १९७९ मध्ये, अमेरिकेचं स्कायलॅब पडायचं होतं आणि ते भारतावर पडेल या भीतीने आपल्याकडे गावंच्या गावं जागली. पडलं ऑस्ट्रेलियात, तिथल्या एका नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड केला. आबांना स्कायलॅब चांगलं आठवतं. लोक म्हणत होते, मरायचंच आहे तर कोंबडी कापा. वरून हुकूम होता, काही पडलं तर ताबडतोब कळवा. आबा तीन रात्री अंगणात खाट टाकून आकाशाकडे बघत बसले होते. तेव्हा कुणी हसलं नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांना पुन्हा गच्चीवर नेलं. म्हटलं, आबा, पाडव्याला ते सगळ्यात वर कुठे दिसलं होतं? मला वाटलं, साडेतीन वर्षं झाली, काय आठवणार. त्यांनी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पाठ टेकवली, हात लांब केला, मूठ वळून क्षितिजावर ठेवली, तिच्यावर दुसरी मूठ, तिच्यावर चार बोटं. “आठे.” मग उजवीकडे सरकत चिंचेच्या शेंड्याकडे बोट नेलं. “तठे इझनं.”

हात लांब धरला की मूठ साधारण दहा अंशांची असते. म्हणजे पंचवीस ते तीस अंश. मार्ग बडवानीच्या बाजूने, आमच्यापासून दीडशेक किलोमीटरवरून गेला आणि तेव्हा ते जळतं धूड ऐंशी किलोमीटरच्या आसपास उंच होतं असं धरलं, तर कोन येतो अठ्ठावीस. मी मोबाइलवर आकडेमोड करून आबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्क्रीनकडे बघितलं, त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही.

“मंग लिखी ले,” ते म्हणाले, आणि पूर्वी वर्दी सांगायचे त्या आवाजात सुरू झाले. तारीख दोन एप्रिल. वेळ पावणेआठ. दिशा उत्तर ते पूर्व. नग पाच. आवाज नाही.